करकोच्याचा डावा पाय

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावं टाकण्यापलीकडे कुणी कधी काही लिहिलेलं नाही, आणि तीही नावं चौथीपासून मीच टाकत आलो. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. पहिला म्हणजे हुशार असं नाही. मोठी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, पण तिच्या वेळी मुलींना पुढं शिकायला बाहेरगावी पाठवत नसत. त्यामुळे आपण काही लिहावं आणि ते कुणी वाचावं, हा विचारच मला आगाऊपणाचा वाटतो. शिवाय सांगायचं आहे ते एका पक्ष्याच्या पायांबद्दल. एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला, असं कुणाला वाटलं तर त्याचं बरोबर आहे. पण ती गोष्ट आठवली की मला अजून एकट्याला हसू फुटतं, आणि बसमध्ये शेजारचा माणूस थोडा सरकून बसतो. तेव्हा एकदा सांगून टाकावी.

मी देवगाव रंगारीचा. औरंगाबादला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय प्राणिशास्त्र. हा विषय मी फार विचार करून घेतला असंही नाही. प्रवेशाच्या खिडकीत कारकुनाने विचारलं, "कोणता?" मागून रांग ढकलत होती. आमच्याकडे दोन बैल आणि एक म्हैस असल्यामुळे प्राण्यांची आपल्याला माहिती आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

खोलीतला जोडीदार सिल्लोडचा. त्याच्या अब्बांचं तिथं शिवणकामाचं दुकान. तो घरी दखनी बोलायचा, बाजारात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकाच वाक्यात. मी त्याला सिल्लोडकर म्हणायचो, तो मला नुसतं देवगाव.

आमच्या सरांची एक सवय होती. वहीत कुणी "मला वाटतं" असं लिहिलं की ते दोन शब्द लाल शाईने खोडायचे. म्हणायचे, "तुला काय वाटतं ते आईला पत्रात लिही. वहीत काय दिसलं ते लिही."

त्या हिवाळ्यात सरांनी आम्हाला रंगीत कड्यांबद्दल सांगितलं. दूरदेशी काही ठिकाणी पक्षी पकडून त्यांच्या पायांत प्लास्टिकची रंगीत कडी घालतात आणि सोडून देतात. प्रत्येक पक्ष्याची रंगांची जोडणी वेगळी. मग जगात कुठंही कुणीही दुर्बिणीतून ते रंग वाचले आणि कळवले, की तो पक्षी कुठून कुठं गेला ते समजतं. त्याला पुन्हा पकडायची गरज नाही. वाचायची रीत ठरलेली आहे. आधी डावा पाय, मग उजवा, आणि रंग वरून खाली. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, आपला नव्हे.

इथं सगळा वर्ग घसरला. सरांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं आणि समोरच्याच्या डाव्या गुडघ्याला हात लावायला सांगितलं. निम्म्यांनी उजवा पकडला, तिघांनी स्वतःचाच पकडला, आणि सिल्लोडकराने गुदगुल्या करून घेतल्या. मी मात्र एकदाही चुकलो नाही. लहानपणापासून मी बैलांच्या मागं चाललो. पक्षी माझ्याकडे तोंड करून उभा असला, की मी मनातल्या मनात त्याला वळसा घालून मागं जाऊन उभा राहायचो. तिथून डावं ते डावं. सर म्हणाले, "छान. ह्याला कळलं." कॉलेजातली ही माझी पहिली शाबासकी. त्या दिवशी मी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता दुर्बीण. आमच्या विभागाच्या मोठ्या दुर्बिणीच्या काचेला बुरशी आलेली. पदार्थविज्ञान विभागाकडे मात्र एक चांगली लांब दुर्बीण होती, तिवईवर बसवायची. पाहुणे आले की गच्चीवर त्यातून शनी दाखवत. सरांनी चिठ्ठी दिली. तिथल्या शिपाईमामांनी दुर्बीण काढून दिली, पण जीवावर आल्यासारखी.

"शनी बघायची वस्तू हाय ही. तुम्ही बगळे बघायला न्हेताय?"

"करकोचे, मामा."

"त्येच त्ये. नीट आणा म्हंजी झालं."

आम्ही ती सिल्लोडकराच्या रजईत गुंडाळून पैठणच्या बसमध्ये चढवली. कंडक्टरने रजईवर बोट टेकवलं. "हे काय हाय?"

"तोफ," सिल्लोडकर म्हणाला.

"दौलताबादहून आणली का?"

"हौ ना. पैठणवर चाल करून चाललोय."

"मंग मांडीवर घ्या. तोफंला शीट नाय मिळायचं."

चितेगावला कंपन्यांतली माणसं उतरली, तशी बस रिकामी झाली आणि तोफेला खिडकीची जागा मिळाली.

जायकवाडीचं पाणी हिवाळ्यात मागं हटत जातं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक हरभरा पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. आम्ही जिथं बसायचो तो हरभरा एका मावशीचा होता. पहिल्या दिवशी तिनं आमच्या पायांकडे बघून विचारलं होतं, "डोळं आभाळात आन् पाय माझ्या पिकात व्हय रं?" तेव्हापासून आम्ही बांध सोडत नव्हतो.

तिच्या शेताच्या पलीकडच्या टोकाला कांड्या करकोचे उतरायचे. राखाडी अंग, काळी मान, आणि डोळ्यांमागून मागं गेलेला पांढरा पिसांचा झुबका, जणू आत्ताच कंगवा फिरवून आलेत. त्या दिवशी पन्नासेक असतील. मी साध्या दुर्बिणीतून एकेकाचे पाय बघत होतो. पाय, पाय, पाय, आणि मग दुर्बीण एका पायावर थांबली.

"सिल्लोडकर, त्याच्या पायात काहीतरी आहे."

"चिखल असंल."

"चिखल निळा नसतो."

तो असा उठला की डबा लवंडला. आम्ही मोठी दुर्बीण त्या पक्ष्यावर धरायला लागलो, पण तिचं एक विचित्र होतं. पक्षी उजवीकडे सरकला म्हणून नळी उजवीकडे ढकलावी, तर तो पार निघूनच जायचा. "ह्या तिवईला अक्कल नाय," सिल्लोडकर म्हणाला. शेवटी पक्षीच आमच्याकडे वळला आणि सरळ चालत आला, उन्हात, निवांत, एकेक पाय उचलून दाखवत. मी मनातल्या मनात त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि वाचलं. डावा पाय, लालवर पांढरं. उजवा पाय, निळ्यावर पिवळं. मी वाचलं, त्यानं लिहिलं. मग त्यानं वाचलं, मी लिहिलं. मग दोघांनी आलटूनपालटून इतक्या वेळा वाचलं की करकोचाच कंटाळून निघून गेला.

आणि मग आम्ही नाचलो. मला नाचता येत नाही. गावच्या मिरवणुकीत मी कडेने चालणारा माणूस. पण त्या दिवशी मी बांधावरून खाली कधी उतरलो तेही कळलं नाही.

"नाचायचं तर बांधावर नाचा!" मावशी ओरडली. मग जवळ आली. "काय घावलं रं?"

आम्ही एकदमच सांगायला लागलो. तिनं अर्ध्यावर थांबवलं. "म्हंजी पाखराच्या पायात वाळे घातल्यात? लेकरावाणी?"

"हो मावशी. लांबच्या देशात."

"मंग त्यास्नी लिवा," ती म्हणाली, "म्हणावं तुमचं लेकरू आमच्याकडं जेवाया हाय, काळजी करू नगा." आणि स्वतःच खळखळून हसत सुटली.

सोमवारी सरांनी नोंदीचा कागद माझ्यापुढं सरकवला. "सही कर. आणि लक्षात ठेव, चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. तुझ्या सहीवर कुणीतरी नकाशावर रेघ ओढणार आहे." मी सही केली. सरांनी सायबर कॅफेतून ईमेल पाठवला. मी घरी पत्र टाकलं. मग कळलं की वडिलांनी ते पत्र स्टँडवरच्या हॉटेलात वाचून घेतलं, आणि चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरानं परमुलखातलं पाखरू वळखलं. ते दोन आठवडे मी कॉलेजच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत होतो.

मग सरांनी बोलावलं. टेबलावर छापलेला कागद होता, त्यावर इंग्रजीत मोजून दोन ओळी. अशी जोडणी आम्ही आजवर कोणत्याही करकोच्याला घातलेली नाही. कृपया पुन्हा पाहावे.

सर रागावले नाहीत, हेच मला जड गेलं. म्हणाले, "होतं असं. उन्हात रंग फसवतात. पुढच्या सोमवारपर्यंत विचार कर. खात्री नसेल तर नोंद मागे घेतो असं लिहून सही दे. मागे घेण्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नसेल. पण मला तो कागद डोळ्यांपुढं दिसायचा. कॉलेजात मला एकच गोष्ट येत होती, बघणं. इंग्रजी येत नव्हतं, चारचौघांत बोलणं येत नव्हतं. ती सही दिली असती तर मी माझ्याच हाताने लिहून दिलं असतं की मला नीट बघताही येत नाही. वर्गात एकजण विचारायला लागला, "काय देवगाव, आज कोणत्या रंगाचा कावळा दिसला?" सिल्लोडकर त्याच्या अंगावर गेला. "मैंने भी तो वाचले ना! दोन माणसं एकदम आंधळी झाली का?" पण रात्री दिवा मालवल्यावर त्यानेही हळूच विचारलं, "यार, लालच होतं ना?"

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. तोफ, रजई, बस, सगळं तसंच, फक्त आम्ही गप्प. आणि गाळपेरावर एक करकोचा नव्हता. एक. दुपारपर्यंत आम्ही रिकाम्या शेताकडे बघत बसलो. मी मनात त्या माघारीच्या अर्जाची पहिली ओळ जुळवत होतो.

मावशी भाकरी घेऊन आली. आमची तोंडं बघून तिनं पक्ष्याचं विचारलंच नाही. म्हणाली, "मला तरी दावा की ह्यातनं काय दिसतंय."

बघण्यासारखं समोर एकच होतं. शेताच्या त्या टोकाला तिचा नवरा हरभरा कोळपत होता, म्हणजे बैलजोडीमागं चालत ओळींमधलं तण काढत होता. त्याची आमच्याकडे पाठ. सिल्लोडकराने दुर्बीण तिकडे लावून दिली. मावशीने पदर खोचला, एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"अगं बया बया बया!"

"काय झालं?"

"ह्येनं तांबडा उजवीकडं जुंपलाय!"

ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जोडीतल्या बैलाची बाजू ठरलेली असते. डाव्या अंगाचा तो जन्मभर डाव्या अंगाचा. त्याला उजवीकडे जुंपलं तर तो बावचळतो, नांगर तिरका जातो, आणि जुंपणाऱ्याची गावभर शोभा होते. मावशी दुर्बिणीला डोळा लावूनच ओरडली, "अवंऽऽ! बैलं उलटी का जुंपली?"

लांबून आवाज आला, "कोण म्हणतंय?"

"मी म्हणते! तांबडा उजवीकडं हाय!"

"तांबडा डावीकडंच हाय! येड लागलं का काय?"

"खोटं नका बोलू! मी दुर्बिणीतनं बघायली!"

"आन् मी शेपटाला धरून हाय!"

मावशीने डोळा काढला. नुसत्या डोळ्याने बघितलं. पुन्हा लावला. पुन्हा काढला. "आता डावीकडं हाय... आता उजवीकडं... आता डावीकडं... पळतोय का काय त्यो जुवाखालनं?"

सिल्लोडकर हसून हसून रजईवर आडवा झाला. मीही हसत होतो. आणि हसता हसता मधेच माझं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"सिल्लोडकर, ऊठ. तिकडं जाऊन उभा राहा. उजवा हात वर कर."

"कायको?"

"कर रे!"

तो पन्नास पावलं गेला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि उजवा हात वर केला. मी दुर्बिणीला डोळा लावला. डावा हात वर होता. मी ओरडलो, "आता डावा!" दुर्बिणीत उजवा वर गेला. मी तिला वाकून बघितलं, मग डोळा लावायचं नळकांडं फिरवून काढलं. आत, वाकड्या भागात, तिरपा बसवलेला छोटा आरसा होता. मान न दुखवता आभाळात बघता यावं म्हणून बसवलेला. आरसाच तो. डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करून दाखवत होता, वरचं वर आणि खालचं खाली ठेवून, म्हणून कुणाला संशय नाही. आणि आजवर त्यातून बघितला होता फक्त शनी. शनीचा डावा कोणता हे कुणाला ठाऊक?

म्हणजे मी करकोच्याला अगदी काळजीपूर्वक वळसा घातला होता, आणि आरशाने मला न विचारता त्याला पुन्हा फिरवून ठेवलं होतं. रंग बरोबर. डोळे बरोबर. पाय उलटे.

त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही. मी मावशीच्या पाया पडलो. सिल्लोडकर तांबड्या बैलाच्या गळ्यात पडायला निघाला होता, त्याला मावशीच्या नवऱ्याने कोळप्याचा दांडा दाखवून परत पाठवला. आम्ही फाट्यापर्यंत पळालो, मग लक्षात आलं की दुर्बीण शेतातच आहे, मग उलटे पळालो. बसमध्ये आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि फुटायचो. कंडक्टर तोच होता. म्हणाला, "काय, जिंकलं का पैठण?"

सोमवारी मी सरांपुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "लावा दुर्बीण," म्हणाले. आम्ही व्हरांड्यात लावली. सरांनी फाटकावरच्या वॉचमनकडे बघितलं. दुर्बिणीतल्या वॉचमनने डाव्या हाताने विडी ओढायला सुरुवात केली. सरांनी डोळा काढला, पुन्हा लावला, आणि मग हा गंभीर माणूस चष्मा काढून, भिंतीला टेकून, आवाज न करता किती तरी वेळ हसत राहिला.

पण डोळे पुसल्यावर ते म्हणाले, "आता नुसते पाय बदलून कळवलंस तर ते म्हणतील, पोराने उत्तर जुळवलं. आणि तसं म्हटलं तर त्यांचं चूक नाही."

"मग काय करू सर?"

"काय दिसलं ते लिही. सगळं. जुनं पान खोडू नको, तसंच पाठव."

त्या पत्राला मला चार दिवस लागले. शब्दकोश उघडाच होता. कोळप्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सापडेना. शेवटी मी 'बैल ओढतात ते तण काढायचं अवजार' असं साधंच लिहिलं. मावशीचं आणि तांबड्याचं लिहावं की नाही कळेना. ते लोक मोठे, शास्त्राचे. त्यांना असलं काय लिहायचं? मी ते खोडलं. सरांनी मसुदा वाचला आणि खोडलेल्या ओळींखाली लाल शाईने टिंबं दिली, म्हणजे हे राहू दे. "हाच तर तुझा पुरावा," म्हणाले. मी सही केली.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये परीक्षा आली आणि गेली. चिडवणारा चिडवायचा थांबला, आणि ते मला जास्त लागलं. आता त्यालाही ती गोष्ट संपल्यासारखी वाटत होती. सर दर आठवड्याला सायबर कॅफेत जाऊन यायचे आणि मला बघून नुसती मान हलवायचे. मी सुट्टीला देवगावला आलो. गव्हाचं काढणं चालू होतं. दुपारी झाडाखाली बसलो असताना वडिलांनी विचारलं, "त्या पाखराचं काय झालं रं?"

"अजून काही कळलं नाही, दादा."

त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "लांबचं हाय. येळ लागंल." आणि विळा घेऊन उठले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी स्टँडवरचा फोनवाला स्वतः सायकल मारत शेतात आला. "आरं चल लवकर! सिल्लोडचा फोन हाय. मी म्हणलं नंतर कर, तर ठेवायलाच तयार नाय त्यो!"

मी तसाच पळालो, अंगावर गव्हाचा भुसा घेऊन. मागून वडीलही येत होते, ते मला बूथच्या काचेतून दिसले. मी फोन उचलला तर पलीकडे सिल्लोडकर नुसता हसत होता. हसू आवरून बोलायला जायचा आणि पुन्हा हसायचा.

"बोल ना रे!"

"सरांनी वाचून दाखवलं मला आत्ता फोनवर. मी लिहून घेतलंय. ऐक, मधे बोलू नको." त्यानं घसा साफ केला. "ते म्हणतात, पाय उलटे केले की ती जोडणी त्यांच्याकडं हाय. मादी हाय ती. मंगोलियात, गवताच्या माळावर, पिल्लू असताना कडी घातली होती. त्यानंतर ती कुणालाच दिसली नव्हती. मेली म्हणून सोडून दिली होती त्यांनी."

"मग इतके दिवस कळवलं का नाही?"

"बोल्या ना, मधे बोलू नको! तुझं पत्र वाचून ते म्हणाले, पोरगं खरं लिहितंय असं दिसतं, पण आपण डोळ्यांनी बघितल्याशिवाय रेघ ओढायची नाय. म्हणून करकोचे परत यायची वाट बघत बसले तिकडं, थंडीत." तो थांबला. आता तो हसत नव्हता. "देवगाव, ती परवा पोचली. जिथं जन्मली त्याच माळावर. त्यांनी स्वतः वाचली. डावा पाय, निळ्यावर पिवळं. उजवा पाय, लालवर पांढरं."